कंपाउंडरकाकांचे स्टूल

लोकांनी आपल्याशी जसे वागावे असे आपल्याला वाटते, तसेच आपण लोकांशी वागावे, ही प्रभूची आज्ञा प्रत्येक ख्रिस्ती माणसाला पाठ असते. नुसती पाठ असते, म्हणूनच आपले सगळ्यांचे एकमेकांशी निभते. ती अक्षरशः पाळणारा माणूस शेजारी राहत असला म्हणजे काय होते, ते मी सोलापुरात सहा वर्षे अनुभवले आहे. साऱ्या मुंबई इलाख्यात ही आज्ञा आमच्या कंपाउंडरकाकांइतक्या काटेकोरपणे कुणी पाळली नसेल, आणि ती पाळताना इतक्या लोकांना जेरीस तर नक्कीच कुणी आणले नसेल.

चर्चच्या मागच्या बाजूला आम्हा ख्रिस्ती लोकांची वीस बिऱ्हाडांची वाडी होती. धाब्याची घरे, मधोमध एक आड, आडाशेजारी एक कडुनिंब, आणि दिवसाचे तुकडे पाडणारा गिरणीचा भोंगा. मी नुकताच शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो आणि त्याहून नुकतेच माझे लग्न झाले होते. माझी बायको मार्था हिला घेऊन मी वाडीत बिऱ्हाड केले, तेव्हा भिंतीला भिंत लागून कोपऱ्यातले घर होते ते काकांचे. काका एका धर्मादाय दवाखान्यात कंपाउंडर होते. उंच, काटकुळे, खिशात नेहमी बाटल्यांची दोन-चार बुचे. बायको फार पूर्वी वारलेली, मूलबाळ नाही. करमाळ्याकडच्या कुठल्याशा खेड्यातून येऊन ते वाडीत स्थायिक झाले होते आणि त्यांची बोली मात्र खेड्यातच राहिली असे वाटू नये म्हणून की काय, ती त्यांनी जशीच्या तशी बरोबर आणली होती. सारी वाडी त्यांना काका म्हणे. त्यांना टाळण्यासाठी ते आडावर किती वाजता पाण्याला जातात, याचे वेळापत्रकही वाडीला तोंडपाठ होते.

त्यांचे तत्त्वज्ञान त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावून दिले. "मास्तर, आज्ञा काय हाय? दुसऱ्याला काय आवडतं ते कर, असं म्हटलंय का? न्हाय. तुला स्वतःला काय हवं वाटतं, ते दुसऱ्याला कर. सोपं हाय की! आपल्याला काय आवडतं ते आपल्याला ठावं असतंय. दुसऱ्याचं कोण इचारत बसणार?" मी शाळामास्तर असूनही या युक्तिवादातली चूक मला त्या दिवशी सापडली नाही. पुढे ती सापडली, पण तोवर तिचे परिणाम भोगायला सुरुवात झाली होती.

काकांना पहिल्या भोंग्याच्या आधी उठायला आवडे. म्हणून ते पहाटे खलबत्त्यातला पितळी बत्ता घेऊन निघत आणि वाडीतले एकूण एक दार वाजवीत. आतून "उठलो, उठलो" म्हटलेले त्यांना चालत नसे. दिवा लागलेला दिसल्याशिवाय बत्ता थांबायचा नाही. आमच्या समोर राहणारे याकोबराव गिरणीत मुकादम होते, पहिल्या पाळीला. ते दारातून ओरडत, "अहो काका, मला गिरणीचा भोंगा हाय की! एका माणसाला दोन-दोन भोंगे कशापायी?" त्यावर काका शांतपणे म्हणत, "मला कुणी असं उठवलं असतं तर मी त्याचे पाय धरले असते," आणि पुढच्या दाराकडे वळत.

त्यांना काडेकिराइताचा कडूजहर काढा फार आवडे. आपण चहा पितो तसा ते तो सकाळ-संध्याकाळ पीत आणि ओठावरून जीभ फिरवीत. त्यामुळे त्यांच्या घरी गेलेल्या पाहुण्यालाही चहाऐवजी तेच मिळे, तेही भरल्या पेल्याने. जेवताना कुणी समोर असले तर त्यांना घास उतरत नसे. त्याचाही फायदा त्यांनी आम्हाला दिला. नवीन जोडपे म्हणून त्यांनी आम्हा दोघांना जेवायला बोलावले. कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा, सगळे टापटिपीने वाढले, प्रार्थना केली आणि बाहेर जाऊन दाराशी आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मार्था माझ्या कानाशी म्हणाली, "अहो, आपलं काही चुकलं का?" मलाही तेच वाटत होते. तिला ठसका लागला तेव्हा एक हात पाण्याचा तांब्या घेऊन दारातून आत आला. तोंड मात्र बाहेरच होते. आमचे जेवण होईपर्यंत तो गृहस्थ अर्धा तास उन्हात उभा होता, आणि नंतर हात पुशीत आनंदाने म्हणाला, "कसं निवांत जेवलात न्हवं?"

आपले दोष आपल्याला तोंडावर सांगावेत, अशीही त्यांची मनापासून इच्छा असे. मी चर्चमध्ये पहिल्यांदा एकट्याने गीत गायलो. लोक भेटून बरे बोलत होते आणि मी ते खोटे मानत नव्हतो. इतक्यात काका आले. म्हणाले, "मास्तर, खाली तुमचा आवाज बसतो आन वर गेला की फाटतो. मधला तेवढा बरा हाय, पण त्यात तुमी गातच न्हाय." मी आठवडाभर त्यांच्याशी बोललो नाही. माझे न बोलणे त्यांच्या लक्षातही आले नाही, कारण न बोललेलेही त्यांना आवडायचे.

आणि तेच तर त्यांचे सगळ्यात भयंकर सत्कर्म होते. वाडीत कुणी आजारी पडले की काका आपल्या घरचे तीन पायांचे लाकडी स्टूल बगलेत मारून येत. ते खाटेजवळ ठेवीत, त्यावर बसत आणि आजाऱ्याकडे बघत राहत. तास, दोन तास, तीन तास. एक अक्षर बोलत नसत. त्यांच्यासमोर घरच्यांना खाता येईना, भांडता येईना, पाय पसरता येईना. मार्थाला एकदा ताप आला तेव्हा ते असेच येऊन बसले. ती भिंतीकडे तोंड करून मला हळूच म्हणाली, "त्यांना म्हणावं काही तरी बोला, नाही तर जा तरी. मला मेल्यासारखं वाटतंय." मी काकांना कसेबसे विचारले, "काका, काही बोलता का तिच्याशी?" ते म्हणाले, "काय बोलायचं? म्या हाय की हितं."

याकोबरावांच्या म्हाताऱ्या आईच्या बाबतीत तर कहर झाला. तिला हिवताप होता. दुपारी ग्लानीतून तिने डोळे उघडले, तो पायथ्याशी एक उंच, काटकुळी, निःशब्द मूर्ती आपल्याकडे एकटक पाहते आहे. म्हातारीने ओळखले की न्यायला आले. तिने सुनांना हाका मारल्या आणि निरवानिरव सुरू केली. तांब्याचा हंडा थोरलीला, पितळी परात धाकटीला, पाटल्या नातीला. सुना रडतरडत हंडा-परात आपापल्या खोलीत घेऊनही गेल्या. दुसऱ्या दिवशी म्हातारीचा ताप उतरला आणि तिने परात परत मागितली. धाकटी म्हणाली, "दिलेलं दान माघारी घेत्यात व्हय?" ते भांडण पुढे तीन आठवडे चालले. याकोबराव एका रविवारी तावातावाने माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मास्तर, तुमचं अक्षर चांगलं हाय. अर्ज लिवा. आता एक तर काका वाडीत ऱ्हातील, न्हाय तर आमी."

वाडीतली घरे चर्चच्या मंडळीच्या मालकीची होती, म्हणून अर्ज आमचे धर्मगुरू पाळकसाहेब यांना करायचा. काकांना दवाखान्यालगतच्या रिकाम्या खोलीत हलवावे, 'जेथे त्यांच्या सेवावृत्तीचा अधिक उपयोग होईल', असे मी मोठ्या सभ्य भाषेत लिहिले. बत्ता, काडेकिराईत, स्टूल, परात, सगळी कलमे घातली, पण स्टुलाचे कलम इतके सभ्य झाले की ती तक्रार आहे की कौतुक, हे ऐकणाऱ्याला कळू नये. माझ्या गाण्याचे कलम मला कुणी सांगितले नव्हते. ते मी आपल्या मनाने घातले. आज ते कबूल करायला हरकत नाही. खाली अठरा बिऱ्हाडांच्या सह्या-अंगठे झाले. आमच्या बिऱ्हाडाची सही करताना मार्थाने विचारले होते, "ते एकटे कुठं जातील हो?" मी म्हणालो, "जवळच तर आहे," आणि सही केली. विसावे बिऱ्हाड काकांचे होते, म्हणजे वाडीत सही न करणारे एकच कुटुंब होते आणि ते पाळकसाहेबांचे.

आमच्याकडे दर महिन्याला प्रभुभोजनाच्या, म्हणजे चर्चमध्ये भाकरी आणि द्राक्षारस वाटून घेण्याच्या विधीच्या, आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, तयारीची सभा भरत असे. ज्याच्या मनात कुणाविषयी काही किल्मिष असेल त्याने ते त्या सभेत तोंडावर सांगायचे, समेट करायचा, आणि मगच दुसऱ्या दिवशी प्याल्याला हात लावायचा, अशी रीत. एरवी या सभेत सगळे जण "माझ्या मनात कुणाविषयी काही नाही" असे सांगून घरी जात आणि वाटेतच ते काय काय नाही याची चर्चा करीत. पण पाळकसाहेबांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, "हे माझ्या टेबलावर ठेवायचं नाही. उद्या सभेत त्यांच्यासमोर वाचायचं, नाही तर फाडून टाकायचं." याकोबराव म्हणाले, "वाचू की, भ्यायचं काय त्यात?" आणि अक्षर माझे म्हणून वाचायची पाळीही माझ्यावर आली.

मी वाचले. आवाज खाली बसत होता, वर फाटत होता, काका म्हणाले होते अगदी तसाच. काका पहिल्या बाकावर मान कलती करून ऐकत होते आणि एकेका कलमाला "व्हय... बराबर... खरं हाय" अशी दाद देत होते. वाचून झाले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. ते उभे राहिले. "आठ वर्सं मी सगळ्यांना तोंडावर सांगत आलो," ते म्हणाले, "मला कुणी म्हणून कुणी सांगितलं न्हाय. आज पहिल्यांदा सांगितलंत. लई बरं वाटलं. फकस्त दोन गोष्टी राहिल्यात, मास्तर, त्या तेवढ्या लिवून घ्या. आडावरचा दोर मी माझ्या पद्धतीनं गुंडाळतो, त्यानं बायकांची पंचाईत होती. आन लांब प्रार्थना असली की मला डुलकी लागती." याकोबराव खाली बघू लागले. ज्याला घालवून द्यायचे, तोच आपल्या अर्जाला मदत करतो आहे, हे त्यांना नवीन होते.

मग बायकांच्या बाजूने म्हातारीचा आवाज आला, "आन आजाऱ्यापाशी येऊन बसू नगा बाबा. भ्या वाटतं."

काकांचे हसू तिथे थांबले. "म्हंजी... नुसतं बसलेलं आवडत न्हाय?" त्यांनी साऱ्या सभेकडे पाहिले. "कुणालाच?" मार्थाने मान खाली घातली. "मला वाटलं हुतं," काका म्हणाले, "बाकीचं एक वेळ ऱ्हाऊ द्या, तेवढं तरी समद्यांना आवडत असंल." आणि ते खाली बसले. मला त्या क्षणी स्वतःच्या सुंदर अक्षराची मनस्वी लाज वाटली.

पाळकसाहेबांनी निकाल पुढे ढकलला. पुढच्या महिन्याच्या तयारीच्या सभेत ठरवायचे, काका राहतात की जातात. दुसऱ्या दिवशी दुपारी काका दारोदार फिरले. हातात दवाखान्यातल्या बाटल्यांवर चिकटवायच्या कोऱ्या चिठ्ठ्या होत्या. प्रत्येकाला विचारीत, "तुमाला काय आवडतं?" आणि चिठ्ठीवर टिपून घेत. मार्थाची चिठ्ठी मी पाहिली आहे. 'मार्थाबाई. बोलणे. हवापाण्याविषयी. दोन वेळा, जेवणानंतर.'

तो महिना वाडीने शांततेत काढला, आणि अशी शांतता पुन्हा नको रे बाबा, असे सगळ्यांना होऊन गेले. काका आमच्या दारात येत, चिठ्ठी बघत आणि म्हणत, "मार्थाबाई, आज ऊन हाय." मग बराच वेळ विचार करून, "काल बी हुतं." सोलापूरच्या चैत्रात या विषयाला तिसरे वाक्य नसते. तरी ते निघताना म्हणत, "उद्या बी असंल." मी गायलो की ते पुढे येत आणि एरंडेल घेतल्यासारखा चेहरा करून "गाणं ग्वाड झालं" असे म्हणत. त्यामुळे माझा इतका गोंधळ झाला, की बाकीचे लोक "छान" म्हणाले तरी मला ते काकांच्याच चिठ्ठीतले वाटू लागले. बत्ता तर बंदच झाला. तिसऱ्या दिवशी याकोबराव, आठ वर्षे भोंग्याच्या आधी उठवले गेलेले याकोबराव, भोंगा होऊन गेला तरी घोरत राहिले. धावतपळत पोचले तो गिरणीचे फाटक बंद. डबा हातात घेऊन परत येताना ते मला भेटले. मीही शाळेला उशीर झाल्यामुळे पळत होतो. "मास्तर," ते हळूच म्हणाले, "तुमी काकांना सांगून बघता का?" मी म्हणालो, "तुम्ही सांगा." दोघांपैकी कुणीही सांगितले नाही. अर्जावर सह्या केल्यावर कोणत्या तोंडाने सांगणार?

सभेला आठवडा राहिला होता आणि काकांचे दार दोन दिवस उघडले नाही. त्यांना सणकून ताप भरला होता. वाडी वाईट नव्हती. कळताच सगळे धावले. मी शाळेतून आलो तेव्हा त्या एवढ्याशा खोलीत अकरा माणसे होती. याकोबराव गिरणीतल्या गमती मोठमोठ्याने सांगत होते, कारण त्यांना स्वतःला आजारात हसवलेले आवडे. म्हातारी उशाशी बसून उपचार सांगत होती. पाळकसाहेबांची प्रार्थना चालू होती. मार्थाने भरपूर साखर घातलेला चहा आणला होता, कुणी शिरा, कुणी सांजा. जो तो आपल्याला जे हवे असते ते काकांना देत होता. आज्ञा सगळे अगदी काकांसारखीच पाळत होते. आणि काका डोळे मिटून, कपाळाची शीर ताठ करून, एकेकाला सांगत होते, "लई बरं वाटलं." त्यांचे स्टूल कोपऱ्यात होते. त्याच्यावर शिऱ्याच्या वाट्या ठेवल्या होत्या.

त्या वाट्या बघता बघता मला एकदम लख्ख कळले. गेली आठ वर्षे हा माणूस दारोदार जाऊन आपल्याला काय हवे आहे ते सांगत होता. तो जे जे आमच्यासाठी करीत होता, ती त्याची स्वतःची इच्छा होती, आणि ती कुणी पुरी करील म्हणून तो वाट बघत होता. आम्ही तिला उपद्रव म्हणत होतो आणि त्याचा मी अर्ज लिहिला होता. मला भडभडून आले. "काकांना जरा झोप लागू द्या," असे म्हणून मी सगळ्यांना बाहेर काढले, अगदी पाळकसाहेबांनासुद्धा. वाट्या खाली ठेवल्या, स्टूल खाटेजवळ ओढले आणि बसलो.

मास्तराला गप्प बसणे किती कठीण असते ते मास्तरालाच ठाऊक. पण मी बसलो. बऱ्याच वेळाने काकांनी एक डोळा उघडला, स्टुलाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा मिटला. कपाळावरची शीर सैल पडली. आणखी काही वेळाने चादरीतून एक हात बाहेर आला आणि माझ्या गुडघ्यावर येऊन राहिला. दिवेलागणीला मी उठू लागलो तेव्हा ते म्हणाले, "मी ल्हान असताना आई दिसभर दुसऱ्याच्या रानात. पण मी आजारी पडलो की त्या दिशी घरी ऱ्हायची. बोलायची न्हाय. तिला काय बोलायला सुचायचंच न्हाय. नुसती बसायची." ते हसले. "म्हणून मला आजारी पडायला लई आवडायचं, मास्तर."

तयारीच्या सभेला काका काठी टेकीत आले. पाळकसाहेबांनी अर्ज पुढे ठेवला आणि विचारले, "बोला, काय करायचं?" याकोबराव उठले. "अर्जात दुरुस्ती हाय," ते म्हणाले. "काकांनी हितंच ऱ्हावं. आन सोमवारपास्नं माझं दार पहिलं वाजवावं."

"तुमाला आवडतं का पण?" काकांनी विचारले आणि खिशात चिठ्ठी चाचपली.

"आवडत न्हाय," याकोबराव म्हणाले, "पण लागतंय."

मीही उठलो आणि माझ्या गाण्याविषयीचे कलम मागे घेतो असे सांगितले. काकांचा चेहरा उजळला. "मग खरं सांगू का, मास्तर?" मी म्हणालो, "सांगा." ते म्हणाले, "गेले चारी रविवार लई वाईट गायलात." सारी सभा हसली, मीसुद्धा हसलो, आणि महिन्याभराने प्रथमच मला बरे वाटले. म्हातारीने तेवढे एक कबूल करून घेतले, की बसायचे असेल तर आधी दारातून "मी हाय, काका" अशी हाळी द्यायची. काकांनी ते चिठ्ठीवर लिहून घेतले.

पुढे माझी बदली झाली आणि सोलापूर सुटले. दोन-तीन वर्षांनी याकोबरावांचे पत्र आले की काका गेले. मुकादमांची पत्रे मोठी गमतीदार असत, पण हे चार ओळींचे होते. शेवटचे दोन दिवस आपण जवळ बसलो होतो, एक शब्द बोललो नाही, असे त्यांनी लिहिले होते. पाठोपाठ रेल्वेने गोणपाटात बांधलेले ते स्टूल आले. वर दवाखान्याची चिठ्ठी डकवलेली होती आणि तिच्यावर काकांच्या अक्षरात 'मास्तर' एवढेच लिहिले होते. प्रमाण आणि वेळ लिहायची जागा कोरी होती.

ते स्टूल आमच्या स्वयंपाकघरात खूप वर्षे राहिले. मार्था त्याच्यावर चढून वरच्या फळीवरचे डबे काढी. गेल्या वर्षी तिने अंथरूण धरले. लोक येत, धीर देत, औषधे सुचवत, देवाचे चार शब्द बोलत. तिला बोललेले आवडते म्हणून मीही सारखा बोलत असे, हवापाण्याविषयीसुद्धा. एके दिवशी दुपारी माझे बोलणे मध्येच तोडून ती म्हणाली, "अहो, आता काही बोलू नका. काकांसारखे बसा." मी स्वयंपाकघरातून स्टूल आणले, तिच्या खाटेजवळ ठेवले आणि बसलो.